ताईचा नंबर कधी लागणार? वाट बघण्याचा काळ मोजताना होणारे घोळ

अडीच वर्षं होत आली. पीएचडीचं कोर्सवर्क चालू असताना मी माझ्या मावसबहिणीला एक आकडा सांगितला होता आणि तो चुकला. थोडाथोडका नाही, चांगलाच चुकला. आज त्या आकड्याबद्दल लिहिते आहे. तुमच्यापैकी जे पेट, सेट, नेट यांच्या मागे आहेत आणि पुढे समाजशास्त्र, सार्वजनिक आरोग्य किंवा स्टॅटिस्टिक्समध्ये संशोधन करणार आहेत, त्यांच्या हातून हीच चूक व्हायची दाट शक्यता आहे.

ताई आणि जिजू अमेरिकेत असतात. तिथल्या फॉस्टर केअरमधून मुलं दत्तक घ्यायची, आणि घ्यायची तर दोन सख्खी भावंडं एकत्रच, असं दोघांनी ठरवलं. फॉस्टर केअर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. घरी हेळसांड किंवा मारहाण होत असेल, तर न्यायालयाच्या देखरेखीखाली मुलाला तात्पुरतं दुसऱ्या घरी ठेवतात. बहुतेक वेळा पहिला प्रयत्न मूल परत आईवडिलांकडे जावं हाच असतो. ते जमलं नाही तर १९९७ च्या केंद्रीय कायद्यानुसार, मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने केअरमध्ये असेल, तर राज्याने पालकांचे हक्क संपवण्यासाठी अर्ज करावा लागतो. काही अपवाद आहेत. हक्क संपले की दत्तक जाण्याचा मार्ग मोकळा होतो.

ताईची होम स्टडी झाली, म्हणजे घरभेटी, चौकशी, प्रशिक्षण, सगळं. मंजुरी आली. मग सांगलीहून मावशीचा मला फोन. "तू एवढं स्टॅटिस्टिक्स शिकतेस ना, मग तिचा नंबर कधी लागणार तेवढं सांग."

मावशीच्या डोक्यात रांग होती, आणि आपल्याकडच्या माणसाला ते साहजिक आहे. भारतात 'कारा'च्या पोर्टलवर नोंदणी केली की ज्येष्ठता धरली जाते, आधी नाव घातलं त्याचा विचार आधी. अमेरिकेतल्या फॉस्टर केअरमध्ये तशी रांग नाही. तिथे केसवर्कर एका विशिष्ट मुलासाठी कुटुंब शोधतो. दोन महिन्यांपूर्वी आलेलं कुटुंब त्या मुलाला जास्त योग्य वाटलं, तर दोन वर्षं थांबलेलं कुटुंब मागे राहतं. म्हणजे "नंबर" हा शब्दच तिथे लागू पडत नाही. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि विचारायचंही सुचलं नाही.

मी काय केलं? ताईच्या सपोर्ट ग्रुपमध्ये ज्यांची जुळणी झाली होती त्यांना किती महिने लागले ते तिला विचारायला सांगितलं. आकडे आले, सरासरी काढली आणि सांगून टाकलं, "सहा-सात महिने धर." ताईने लगेच दुमजली पलंग आणला. सातव्या महिन्यापासून तिने त्या खोलीचं दार लावून ठेवायला सुरुवात केली. हे मला फार नंतर कळलं.

आता चूक कुठे झाली ते बघू. समजा पाच कुटुंबं आहेत (आकडे माझे, समजण्यापुरते). एकाची जुळणी ४ महिन्यांनी झाली. दुसरं कुटुंब ६ महिन्यांनी कंटाळून बाहेर पडलं. तिसऱ्याची जुळणी ९ महिन्यांनी झाली. चौथं १४ महिने झाले तरी थांबलंय, पाचवं २० महिने. मी माझ्या पद्धतीने सरासरी काढली असती तर ४ आणि ९ यांची, म्हणजे साडेसहा महिने. पण पाचपैकी तिघांची जुळणी झालेलीच नाही! ज्यांना सगळ्यांत जास्त थांबावं लागतंय त्यांनाच मी हिशेबातून उडवलं.

जे अजून थांबले आहेत त्यांचा काळ आपल्याला अर्धवट माहीत असतो: "निदान २० महिने, पुढचं ठाऊक नाही." याला सेन्सॉरिंग म्हणतात. अशा अर्धवट माहितीचाही उपयोग करायची रीत कॅप्लन आणि मायर यांनी १९५८ मध्ये दिली. प्रत्येक जुळणीच्या क्षणी अजून किती जण मैदानात आहेत ते मोजायचं आणि तेवढ्यांनाच भाजक धरायचं. चौथ्या महिन्यात पाच जण होते, एक गेला, उरले ४/५. नवव्या महिन्यात मैदानात तिघं होते, एक गेला, उरले २/३. गुणाकार करा: ०.५३. म्हणजे नऊ महिन्यांनंतरही निम्म्याहून जास्त कुटुंबं थांबलेलीच. साडेसहाच्या सरासरीपेक्षा हे चित्र किती वेगळं आहे बघा.

इथपर्यंत बहुतेक पुस्तकं नेतात. पण ते ६ महिन्यांवर बाहेर पडलेलं कुटुंब आठवतंय? कॅप्लन-मायरमध्ये आपण त्याला "अजून थांबलेलं" यासारखंच धरलं, जणू त्याची जुळणी पुढे कधीतरी होणारच होती. त्यामुळे नऊ महिन्यांत जुळणी होण्याची शक्यता ४७ टक्के आली. प्रत्यक्षात मोजा. नऊ महिन्यांपर्यंत पाचही जणांचं काय झालं ते आपल्याला पक्कं माहीत आहे, आणि जुळणी झाली दोघांची. म्हणजे ४० टक्के. वरचे सात टक्के कुठून आले? बाहेर पडलेल्या कुटुंबाला आपण मनातल्या मनात मैदानात ठेवलं तिथून. अशा वेळी बाहेर पडणं ही वेगळी, स्पर्धक घटना धरावी लागते. कॉम्पिटिंग रिस्क या नावाखाली हे वाचायला मिळेल. फाइन आणि ग्रे यांचा १९९९ चा पेपर मुळातूनच वाचा.

मुलांच्या बाजूने तर हा मुद्दा आणखी नाजूक आहे. दत्तक जाणं हा प्रतीक्षेचा एक शेवट झाला. मूल आईकडे परत जाऊ शकतं, एखादी आजी किंवा काका पुढे येऊ शकतात, किंवा कुटुंब न मिळताच ते वयाने मोठं होऊन व्यवस्थेतून बाहेर पडू शकतं. गेल्या वर्षी ताईला दोन भावांबद्दल फोन आला होता. सहा आणि चार वर्षांचे. तीन आठवडे बोलणी चालली, मग मुलांची मावशी पुढे आली आणि मुलं तिच्याकडे गेली. ताई रडली, आणि रडताना म्हणाली, "चांगलंच झालं गं त्यांचं." माझ्या तक्त्यात ही "जुळणी झाली नाही" अशी नोंद. मुलांच्या तक्त्यात मात्र हा कदाचित सगळ्यांत चांगला शेवट. शोधनिबंधात "अपयश" हा रकाना करताना हे कुणाचं अपयश मोजतोय ते लिहायला विसरू नका. (माझ्या गाइडचं वाक्य आहे, मी फक्त पोचवते आहे.)

तीन आकडे, एकच जिल्हा

दुसरा घोळ एका दिवसाच्या फोटोचा. अमेरिकेत राज्यांकडून फॉस्टर केअरची माहिती गोळा करणारी केंद्रीय व्यवस्था आहे, अ‍ॅफकार्स. तिचा सगळ्यांत जास्त सांगितला जाणारा आकडा ३० सप्टेंबरचा, म्हणजे आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी किती मुलं केअरमध्ये आहेत तो. २०२१ मध्ये त्या दिवशी सुमारे ३ लाख ९१ हजार मुलं केअरमध्ये होती, त्यांतली सुमारे १ लाख १४ हजार दत्तक जाण्याची वाट बघणारी. त्या वर्षभरात सुमारे ५४ हजार मुलं दत्तक गेली.

आता एक काल्पनिक जिल्हा घ्या. दर महिन्याला भावंडांचे १० नवे गट वाट बघू लागतात. त्यांतल्या ८ गटांना ३ महिन्यांत घर मिळतं, २ गटांना २४ महिने लागतात. खरी सरासरी किती? ७.२ महिने. आता कुठल्याही एका दिवशी जाऊन फोटो काढा. फोटोत पहिल्या प्रकारचे ८ गुणिले ३, म्हणजे २४ गट दिसतील आणि दुसऱ्या प्रकारचे २ गुणिले २४, म्हणजे ४८. येताना जे पाचात एक होते, ते फोटोत तीनात दोन झाले! या ७२ गटांची एकूण प्रतीक्षा शेवटपर्यंत मोजलीत तर सरासरी १७ महिने येते. जो जास्त थांबतो तो फोटोत सापडण्याची शक्यता जास्त, एवढंच यामागचं कारण. स्टॉपवर गेल्यावर नेहमी उशिराचीच बस वाट्याला येते, तोच हा प्रकार.

उलट समजा, ही नोंदवही वर्षभरापूर्वीच सुरू झाली आणि तुम्ही फक्त घर मिळालेल्या गटांची सरासरी काढली. २४ महिनेवाला एकही गट अजून बाहेर पडलेला नाही, त्यामुळे उत्तर ३ महिने. जिल्हा तोच, मुलं तीच, आणि उत्तरं ३, ७.२ आणि १७. वर्तमानपत्राला यातलं कुठलंही चालेल.

हा वाद केवळ वर्गातला नाही. कोर्टनी, नीडेल आणि वुल्झिन यांनी २००४ मध्ये हेच मांडलं: बाहेर पडलेल्या मुलांच्या आकड्यांवरून राज्यांची कामगिरी मोजली, तर सुधारणा करणारं राज्यच कधीकधी मागे पडलेलं दिसतं. वर्षानुवर्षं अडकलेल्या मुलांना एखाद्या राज्याने अखेर घर मिळवून दिलं, तर त्या वर्षीची सरासरी वाढते. म्हणून आत येणाऱ्या मुलांची तुकडी धरून तिच्या मागे जाणं बरं. वेळ लागतो, पण आपल्याला पीएचडीत वेळ नाहीतरी लागतोच.

त्या १ लाख १४ हजारांबद्दल अजून एक. ताईला मी म्हटलं होतं, "एवढी मुलं वाट बघतायत, मग तुम्हाला का थांबवतायत?" आकड्याची व्याख्या मी वाचलीच नव्हती. ज्यांच्या योजनेत दत्तक हे उद्दिष्ट आहे किंवा ज्यांच्या पालकांचे हक्क संपले आहेत, अशी मुलं त्यात मोजली जातात. वयाने मोठी, स्वतंत्र राहण्याचं उद्दिष्ट असलेली मुलं वगळून. यांतल्या अनेकांचं घर आधीच ठरलेलं असतं, कारण दत्तक घेणाऱ्यांत मोठा वाटा मूल ज्यांच्याकडे राहतंय त्या फॉस्टर पालकांचा आणि नातेवाइकांचा असतो. ज्यांच्यासाठी बाहेरचं कुटुंब शोधायचंय ती मुलं त्यामानाने कमी, आणि त्यांत मोठ्या वयाची, आजारी, किंवा तीन-चार भावंडांसोबत असलेली जास्त. दुसरीकडे कुटुंबांना बहुधा लहान वयाचं एकच मूल हवं असतं. दोन्हीकडे गर्दी असूनही जुळणी अडते ती इथे.

भावंडं म्हणजे किती ओळी?

माझ्या मते सगळ्यांत वाईट चूक ही, कारण ती दिसतच नाही. डेटा फाइलमध्ये प्रत्येक मूल म्हणजे एक ओळ. तीन भावंडं एकत्र दत्तक गेली तर तीन ओळींत तोच काळ तीनदा. १०० गटांतली ३०० मुलं तुम्ही ३०० स्वतंत्र निरीक्षणं समजलात, तर स्टँडर्ड एरर नको तेवढी लहान येते आणि पी-व्हॅल्यू बघून तुम्ही पेढे वाटता. माहिती खरं तर १०० गटांचीच आहे. यावर फ्रेल्टी मॉडेल किंवा क्लस्टर धरून काढलेली एरर वापरता येते. ते सॉफ्टवेअर करतं, फक्त त्याला सांगावं लागतं.

सॉफ्टवेअर करत नाही ते पुढचं. तीन भावंडं २४ महिने थांबून एका घरी गेली: सरासरी २४. आता त्यांची फाटाफूट करा. धाकटी दोघं ६ महिन्यांत एका घरी गेली, थोरली २४ महिन्यांनी दुसरीकडे: सरासरी १२. तक्त्यात प्रतीक्षा निम्म्यावर आली. पुढे कुणीतरी स्लाइडवर "पन्नास टक्के सुधारणा" असंही लिहील. २००८ च्या अमेरिकन कायद्याने भावंडांना एकत्र ठेवण्याचे वाजवी प्रयत्न करणं राज्यांना बंधनकारक केलं आहे. मुलांच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येत असेल तर अपवाद. पण तुमचा निष्पत्तीचा चल फक्त "महिने" असेल, तर तुमचं मॉडेल त्या कायद्याच्या विरुद्ध दिशेने बक्षीस देतंय. म्हणून ओळ मुलाची धरायची की गटाची, आणि गट फुटला तर त्याची नोंद काय करायची, हे डेटा उघडायच्या आधी ठरवा. मी स्वतः गटाची ओळ धरते आणि "एकत्र गेले" व "फुटून गेले" हे दोन वेगळे शेवट मानते.

जुळणीच्या बाजूने वाचायचं असेल तर पेनसिल्व्हेनियाच्या अ‍ॅडॉप्शन एक्सचेंजवर स्लॉ, अकान, केस्टेन आणि उन्व्हर यांचा इंटरफेसेस या जर्नलमधला २०१६ चा पेपर बघा. गणित झेपेल इतपतच आहे.

मागच्या महिन्यात ताईने पुन्हा विचारलं. या वेळी मी सरासरी सांगितली नाही. "मंजुरीपासून एकूण किती" हा प्रश्न आता निकामी आहे. "एवढं थांबून झाल्यावर पुढच्या सहा महिन्यांत काय" हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर वयोमर्यादा, राज्य आणि किती मुलांसाठी मंजुरी आहे यावर बदलतं, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुला माहीत नाही." मी हो म्हटलं. त्या दोघांनी आता वयाची अट सहावरून दहावर नेली आहे आणि पलंग बदलून दोन वेगळे घेतलेत. सर्व्हायव्हल डेटात सेन्सॉर झालेल्या काळापुढे अधिकचं चिन्ह लावतात. ताईची नोंद सध्या २९+ आहे.

तुमच्यासाठी एक काम: वरच्या पाच कुटुंबांत बाहेर पडलेलं कुटुंब ६ ऐवजी १० महिन्यांनी बाहेर पडलं असं धरा आणि नऊ महिन्यांची दोन्ही उत्तरं परत काढा. दोन्ही सारखी येतील. का, ते कमेंटमध्ये लिहा.