ऋतू आणि आपण – लेखांक ५ : वसंत नावाचा उन्हाळा

चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, असं शाळेत घोकलं होतं. सोलापुरात याच महिन्यांत पारा ४२-४३ पर्यंत चढतो. बारा वाजले की रस्ते ओस पडतात. कोकीळ ओरडतो हे खरं, पण तो ऐकायला खिडकी उघडावी तर झळ आत येते. वाग्भटाने 'अष्टांगहृदय' या आयुर्वेदाच्या ग्रंथात ग्रीष्म ज्येष्ठ-आषाढात घातला आहे. आमचा ग्रीष्म पाडव्यालाच दारात येऊन बसलेला असतो. पावसाचंही तसंच. कोकणात आषाढ-श्रावणात धो धो कोसळतो, आमच्याकडे सगळ्यात जास्त पडतो तो सप्टेंबरात, आणि त्याच ओलीवर शाळू पेरला जातो. म्हणून गेल्या लेखांकात सांगितलेली ऋतुचर्या सोलापूरकराने महिन्यांची नावं बघून पाळू नये. दाराबाहेर काय चाललंय ते बघावं.

त्याच ग्रंथातली एक गोष्ट मात्र इथे जशीच्या तशी लागू पडते : ऋतुसंधी. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्याचे पहिले सात. या चौदा दिवसांत जुनी चर्या हळूहळू सोडायची, नवी हळूहळू धरायची. अंगाला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, असं आजचं शरीरशास्त्रही सांगतं. त्या काळात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि घामातून मीठ कमी जातं. दोन्ही हिशेब एकाच आकड्याजवळ येतात हा योगायोग असेल, मला त्यावरून काही सिद्ध करायचं नाही. पण रानात, बांधकामावर, यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडात राबणाऱ्याचं अंग मार्चभर रोज थोडं थोडं तापत ही तयारी करून घेतं. एसीत बसणाऱ्याचं राहून जातं. मग वैशाखातल्या लग्नात मांडवात बसल्या बसल्या त्याला भोवळ येते. मलाही आली आहे, आहेराचं पाकीट हातात असताना. सवय असली तरी ऊन कुणाला माफ करत नाही, हेही खरं. फक्त सवय नसलेल्याला ते आधी गाठतं.

आमचं ऊन कोरडं. मुंबईला घाम अंगावर चिकटून राहतो. इथे तो सुटला कधी आणि वाळला कधी, कळत नाही. एक लिटर घाम अंगावरून वाळला की जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे कोरडी हवा आपल्या सोयीचीच. पण घाम दिसत नाही म्हणून गेलेलं पाणी आणि मीठही लक्षात येत नाही. इथे मला वाग्भटाशी थोडं भांडायचं आहे. ग्रीष्मात खारट, आंबट, तिखट टाळा, असं तो सांगतो. मंगळवेढ्याकडची माझी आत्या उन्हाळाभर आंबील करते. जोंधळ्याचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून गुठळी होऊ न देता हाटायचं, मग ठेचलेला लसूण, जिरं आणि मीठ. मिठाचा खडा ती चिमटीत धरत नाही, मुठीत धरते. मी एकदा ग्रंथाचा दाखला दिला, तर पळी न थांबवता म्हणाली, "बाबा, घाम गेला की मीठबी जातंय. मग ते कुठनं भरायचं?" रक्तदाबवाल्यांनी मिठाचा हिशेब आपल्या डॉक्टरांकडे करावा. बाकीच्यांसाठी मी आत्याच्या बाजूने आहे. तिखटाचं म्हणाल तर मे महिन्यातही शेंगाचटणी ताटातून हलत नाही, आणि तिची वकिली मी करणार नाही.

आत्याचं घर माळवदाचं. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर तुळया, त्यांवर लाकडं आणि मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी वर खारी माती पसरायची. ओली झाली की ती तिच्यातल्या क्षारांमुळे लोण्यासारखी मऊ होऊन बारीक भेगा बुजवते आणि पाणी खाली उतरत नाही. उन्हाळ्यातली गंमत वेगळीच. जाड माती सावकाश तापते. दुपारचं ऊन छतातून आणि भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर माणसं घोंगडी घेऊन माळवदावर गेलेली असतात. घर तापतं तेव्हा घरात कुणी नसतं.

माझ्या फ्लॅटवर स्लॅब आहे. तोही दिवसभराचं ऊन साठवतो आणि रात्री परत देतो, पण तेव्हा आम्ही त्याच्या बरोबर खाली, पंख्याखाली असतो. कुलर इथे चांगला चालतो, कारण कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्यांवरचं पाणी झपाट्याने उडतं आणि हवा गार करून जातं; दमट मुंबईत त्याचा एवढा उपयोग नाही. फक्त त्याला पाणी लागतं. आमच्या नळाला ते चार दिवसांआड येतं. त्यामुळे संध्याकाळी सातला गच्चीवर सगळे बिऱ्हाडकरू जमतात आणि बोलणी सुरू होतात : आज स्लॅबवर बादल्या ओतायच्या, की कुलर भरायचा. काल तळमजल्यावरच्या काकूंनी भांडी घासलेलं पाणी वर पाठवलं. दोन बादल्या. चर्र आवाज झाला आणि पाच मिनिटांत गच्ची पुन्हा कोरडी.