आमचा वॉर्ड, त्याचं बरो

रविवारची सकाळ. माझ्या हातात लालबागच्या चिवडा गल्लीतून आणलेला चिवडा, समोर चहा आणि फोनच्या स्क्रीनवर माझा चाळीतला जिगरी दोस्त. तिकडे शनिवारची रात्र. त्याचा मुक्काम सध्या न्यू जर्सीतल्या मेटचन नावाच्या गावात. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, भारत-ऑस्ट्रेलिया झालं, मग साहेबांनी बॉम्ब टाकला.

‘‘या आठवड्यात आमच्या कौन्सिलच्या मीटिंगला गेलो होतो. माइकवर बोललो. घरासमोरच्या फुटपाथबद्दल.’’

‘‘तू? माइकवर? कॉलेजात प्रेझेंटेशनला घाम फुटायचा तुला!’’

‘‘कुणीही बोलू शकतं रे. तिकडे तसा कायदाच आहे.’’

झालं! माझा चिवडा तोंडातच राहिला. मंडळी, मी आयुष्यातली 26 वर्षं परळ-लालबागमध्ये काढली. देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेच्या हद्दीत. आणि घराच्या फुटपाथबद्दल माइकवर बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. फोन ठेवला आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. म्हटलं, बघूया तरी, त्याचं काय आहे आणि आपलं काय आहे.

तर मेटचन हे एक ‘बरो’ आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर नगरपालिका, पण पिटुकली. 2020च्या जनगणनेत लोकसंख्या 15 हजारांच्या आसपास. तेवढी तर आपल्याकडे गणपतीत लालबागच्या राजाच्या रांगेत असते! क्षेत्रफळ तीन चौरस मैलांपेक्षाही कमी. चारही बाजूंनी एडिसन, म्हणजे आपल्या देसी लोकांचं माहेरघरच. 1900 साली मेटचनवाले शेजारच्या टाउनशिपमधून वेगळे झाले आणि आजवर वेगळेच आहेत. एक मेयर, सहा कौन्सिल मेंबर, स्वतःचे पोलिस, मेन स्ट्रीटवर बरो हॉल. मेयरची टर्म चार वर्षांची, मेंबरांची तीन. एका न्यू जर्सी राज्यात अशी 564 लहानमोठी सरकारं आहेत आणि त्या सगळ्यांना मीटिंगमध्ये लोकांच्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो. दोस्त थापा मारत नव्हता.

आता आपला पत्ता घ्या. मी राहतो एफ दक्षिण वॉर्डात. हे ए, बी, सी, डी प्रकरण आपल्याला शाळेत कुणी शिकवत नाही. गिरगावकर बहुतेक डीमध्ये. दादर पश्चिमेचे जी उत्तरमध्ये, रूळ ओलांडून हिंदू कॉलनीत गेलात की एफ उत्तर आणि हिंदमाता ओलांडून परळच्या दिशेला आलात की आमचा एफ दक्षिण. पश्चिमेला रेल्वे लाइन, पूर्वेला शिवडीची खाडी आणि फ्लेमिंगो. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या साडेतीन लाखांवर. म्हणजे जवळपास दोन डझन मेटचन मावतील. आणि आमचे नगरसेवक किती? सात! 200 ते 206 नंबरचे प्रभाग. दोस्ताच्या गावात अडीच हजार माणसांमागे एक मेंबर, आमच्याकडे पन्नास हजारांमागे एक नगरसेवक. त्या बिचाऱ्याने कुणाकुणाच्या बारशाला जायचं?

एका शनिवारी वाटलं, निदान वॉर्ड ऑफिस बाहेरून तरी बघून येऊ. पण शनिवारी काय दिसणार? म्हणून सोमवारी हाफ डे टाकला. (बॉसला सांगितलं, बँकेचं काम आहे.) आंबेडकर रोड आणि भातनकर मार्गाच्या कोपऱ्यावर आमचं वॉर्ड ऑफिस. या बिल्डिंगसमोरून बेस्टच्या बसने मी हजार वेळा गेलो असेन, आत पाऊल टाकलं ते पहिल्यांदा. आतल्या पाट्या वाचत फिरलो. जल खातं, परिरक्षण, घनकचरा, इमारत व कारखाने, अनुज्ञापन, अतिक्रमण निर्मूलन, आरोग्य, करनिर्धारण. जन्माचा दाखला इथे, मृत्यूचा दाखला इथे आणि मधलं लग्नाचं सर्टिफिकेटही इथेच. एक नवं जोडपं नटूनथटून साक्षीदारांसकट बसलं होतं, शेजारी एक आजोबा पाणीबिलाची घडी उलगडत होते. या सगळ्याचे प्रमुख सहायक आयुक्त. ते कुणी निवडून आलेले नसतात. ते अधिकारी, त्यांच्या वर उपायुक्त, त्यांच्या वर अतिरिक्त आयुक्त आणि सगळ्यांच्या वर राज्य सरकारने नेमलेले आयएएस महापालिका आयुक्त.

आणि महापौर? मेटचनचा मेयर आणि आपला महापौर, नावाला सारखे. आपल्याकडे कारभाराची खरी सूत्रं आयुक्तांच्या हातात, आणि हे आजचं नाही. तो कायदा 1888चा! फिरोजशहा मेहतांचा त्या कायद्यात मोठा वाटा. तेव्हा मतदान करदात्यांपुरतं होतं. पुढे ठरावीक भाडं भरणाऱ्यांनाही मत मिळालं, पण सगळ्या प्रौढांना मत मिळालं ते 1948च्या निवडणुकीत. म्हणजे माझे पणजोबा गिरणीत साचे चालवत होते, तेव्हा या शहराच्या कारभारात त्यांचा आवाज शून्य. गिरणीचा भोंगा तेवढा त्यांच्यासाठी वाजायचा.

वॉर्डाच्या पातळीवर निवडून आलेल्यांची एक जागा आहे ती प्रभाग समिती. आमची समिती एफ उत्तरबरोबर जॉइंट. म्हणजे आमचे सात आणि माटुंगा-सायन-वडाळ्याचे दहा, असे सतरा जण एका टेबलाभोवती. स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी समितीवर घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. पण आपण सामान्य माणसं? आपण नगरसेवकाला गाठायचं, तो तिकडे बोलणार.

आता खरी गंमत पुढे आहे. समजा मी नगरसेवकाला गाठलं, तर तो करू काय काय शकतो? आमच्या घरापासून दहा मिनिटं चालत निघा. केईएम महापालिकेचं, 1926 सालचं. त्याच्याच शेजारचं टाटा हॉस्पिटल केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचं. जुन्या उपकरप्राप्त चाळींची दुरुस्ती म्हाडाकडे. नायगावच्या बीडीडी चाळी राज्य सरकारच्या, शिवडीची बीडीडी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर. बंद पडलेल्या कितीतरी गिरण्यांची जमीन केंद्राच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे. शिवडीहून सुटणारा अटल सेतू एमएमआरडीएचा. एल्फिन्स्टनचा पूल 2025च्या सप्टेंबरमध्ये बंद झाला आणि परळहून प्रभादेवीला जाणाऱ्या आम्हा सगळ्यांचं टाइमटेबल कोलमडलं, तो निर्णयही वॉर्ड ऑफिसात झालेला नाही. सगळे आमच्या अंगणात, पण प्रत्येकाची चावी वेगळ्या खिशात.

पाणी मात्र कुणाचीच हद्द मानत नाही. हिंदमाता म्हणजे बशी, चारी बाजूंनी पाऊस तिथे येणार. महापालिकेने त्यावर उपाय केला तो जमिनीखालच्या टाक्यांचा. एक टाकी परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली, म्हणजे आमच्या वॉर्डात. दुसरी दादर पश्चिमेला प्रमोद महाजन कला पार्कखाली, म्हणजे जी उत्तरमध्ये. आमच्या वॉर्डाचं पाणी पंपाने ढकलून दुसऱ्या वॉर्डाच्या बागेखाली साठवायचं. हे काम अडीच हजार माणसांमागे एक मेंबर असलेल्या बरोला जमलं असतं का? मला नाही वाटत. 15 हजारांचं गाव फुटपाथ छान करेल, पण केईएम चालवणार नाही. 2025-26 साली मुंबई महापालिकेचं बजेट 74 हजार 427 कोटींचं होतं. मोठेपणाचे फायदे असतात, हे मान्य करूया.

दोस्ताला हे सुनावलं, तर तो म्हणाला, ‘‘बरोबर. पण टॅक्स भरतोस का तू?’’

आयला, इथे माझी विकेट! न्यू जर्सीत घरमालकाला मालमत्ता कर सरासरी वर्षाला 10 हजार डॉलरच्या वर पडतो. त्याच्या घराचंही बिल तसंच. त्यामुळे तो माइकवर जातो. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022पासून मालमत्ता कर माफ. महापालिकेचं जकातीचं हक्काचं उत्पन्न 2017 साली जीएसटी आल्यावर गेलं आणि त्याची भरपाई राज्याकडून येऊ लागली. म्हणजे पैसा वरून येतो, आयुक्त वरून येतात. मी खालून नेमका कशावर हक्क सांगायचा? हा प्रश्न मला अजून छळतोय.

एवढं असूनही नगरसेवक ही चीज आपल्याला लागतेच, हे कळलं ते नसताना. 7 मार्च 2022ला सभागृहाची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं मुंबईला एकही नगरसेवक नव्हता. राज्यकारभार प्रशासकांच्या हाती. त्या काळात आमच्या गल्लीच्या तोंडाचं गटार तुंबलं. मी स्मार्ट माणूस, 1916ला फोन केला. तक्रारीचा नंबर मिळाला, माणसं आली, काम झालं. घरी येऊन कॉलर टाइट केली, तर आई म्हणाली, ‘‘काम झालं रे. पण भांडायला कुणी नव्हतं.’’

मी हसलो तेव्हा. आता तितकं हसू येत नाही. पूर्वी शाखेवर किंवा नगरसेवकाच्या ऑफिसात चाळीतल्या बायका हंडे घेऊन धडकायच्या. पाण्याच्या वेळेवरून, संडासच्या दुरुस्तीवरून. आरडाओरडा व्हायचा, चहा यायचा, कुणीतरी फोन लावायचं. आमचं माइक तेच होतं बहुतेक. फक्त त्याला वेळ राखून ठेवलेला नव्हता. तो आईने आणि तिच्या मैत्रिणींनी स्वतः काढून घेतला होता.

2017च्या फेब्रुवारीत माझी 18 पूर्ण व्हायला काही महिने कमी पडले. त्यामुळे महापालिकेसाठी पहिलं मत दिलं ते थेट 15 जानेवारी 2026ला. आमचं मतदान केंद्र म्हणजे शाळा. माझ्या पुढे आई, मागे खालच्या मजल्यावरच्या काकू. रांग मोठी नव्हती. शहरात मतदान झालं सुमारे 53 टक्के. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर दुपारपर्यंत शाई लावलेल्या बोटाचे फोटो आले चार. अलिबागचे आले नऊ.

निकालानंतर आईने पहिलं काम काय केलं? नव्या नगरसेवकाच्या ऑफिसचा पत्ता आणि भेटायची वेळ शोधून फ्रिजवर चिकटवली. शेजारी मी 1916 लिहून ठेवलं. परवा दोस्ताला व्हिडिओ कॉलवर फ्रिज दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘काकूंना सांग, माझं तिकडचं फुटपाथचं काम अजून व्हायचंय. येताय का भांडायला?’’

आईने पदर खोचला आणि विचारलं, ‘‘मीटिंग किती वाजता असते?’’