विमानाचे खरे वय कोणते?

पावसाळ्यातली मासेमारीबंदी सुरू झाली, की डहाणू, झाई, बोर्डीच्या किनाऱ्यावर होड्या ओढून शाकारल्या जातात. बंदी उठण्याआधी जाणता तांडेल होडीभोवती फेरी मारतो. होडी किती वर्षांची, हे तो विचारत बसत नाही. फळी ठोकून आवाज ऐकतो, सांधे पाहतो, खिळ्याभोवतीचा गंज खरवडतो. कागदावर जुनी असलेली एखादी होडी आणखी काही हंगाम निभावते. एखाद्या नव्या होडीची फळी मात्र आताच बदलावी लागते.

हाच प्रश्न डहाणूहून जव्हार-त्र्यंबकच्या वाटेने नाशिकपलीकडे गेल्यावर, ओझरला, लढाऊ विमानांबाबत रोज सोडवला जातो. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा कारखाना आहे आणि हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती डेपोही. मिग-२१ विमाने येथे बांधली गेली. आता सुखोई-३० विमाने सुटी करून, तपासून, पुन्हा जोडली जातात. मिग-२९ विमाने १९८७ पासून हवाई दलात आहेत. त्यांच्या आधुनिकीकरणाचा करार २००८ मध्ये झाला. पहिली काही विमाने रशियात आणि उरलेली ओझरच्या डेपोत सुधारायची ठरली. त्यातून विमानाचे मूळचे २५ वर्षांचे आयुष्य ४० वर्षांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट होते.

पण ही १५ वर्षे येतात कुठून? नव्या रंगातून किंवा नव्या रडारमधून नक्कीच नाही. त्यासाठी धातू म्हातारा कसा होतो, ते आधी पाहायला हवे.

धातूलाही थकवा येतो

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच तार त्याच जागी पुनःपुन्हा वाकवली, की थोड्या वेळाने हातात दोन तुकडे येतात. प्रत्येक वेळचा जोर तोच, तारेला सहज पेलवणारा. तरी ती तुटते, कारण दर खेपेला आत एक सूक्ष्म भेग थोडी पुढे सरकते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. माणसाचा थकवा झोपेने जातो, धातूचा जात नाही. विमान महिनाभर हँगरमध्ये उभे राहिले म्हणून पडलेली भेग भरून येत नाही.

भेग बहुधा कुठे सुरू होते, हे तलासरी आणि डहाणूच्या गावांना वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसत आले. अशा धक्क्यांत भिंतीला जाणारा तडा पुष्कळदा दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघतो. भिंत आणि विमानाचा पत्रा यांची जात वेगळी असली, तरी नियम एकच आहे : जिथे भोक, कोपरा किंवा खाच असते, तिथे ताण एकवटतो.

विमानविद्येने हा धडा फार महागात घेतला. १९५४ च्या जानेवारी आणि एप्रिलमध्ये ब्रिटनची दोन ‘कॉमेट’ जेट प्रवासी विमाने इटलीजवळच्या समुद्रात कोसळली. विमाने जवळजवळ नवी होती. तपासासाठी फार्नबरो येथे एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवले आणि उड्डाणात केबिनमध्ये जसा दाब वाढतो-उतरतो तसा तो पुनःपुन्हा दिला. आधीची उड्डाणे धरून सुमारे ३ हजार खेपांनंतर केबिनचे कवच फाटले. छिद्रे आणि कोपऱ्यांपाशी ताण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त होता.

एका विमानाची तीन वये

दवाखान्यात सत्तरीचा काटक शेतकरी आणि पन्नाशीचा मधुमेही शेजारी बसलेले असतात, तेव्हा जन्मतारखेवरून शरीराचे वय कळत नाही. विमानाचेही तसेच आहे. त्याची वये तीन : उड्डाणाचे तास, उड्डाण-अवतरणांच्या खेपा आणि कॅलेंडरची वर्षे.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर ‘अलोहा एअरलाइन्स’च्या बोइंग ७३७ चे छत हवेतच उडाले. वैमानिकांनी ते विमान उतरवले, पण एका हवाईसेविकेचा जीव गेला. विमान १९ वर्षांचे होते आणि त्याच्या नावावर सुमारे ३५ हजार तास होते. खेपा मात्र ८९ हजारांवर गेल्या होत्या, कारण ते बेटाबेटांमध्ये छोटी उड्डाणे करायचे. त्यात खारी हवा. रिव्हेटच्या ओळीत अनेक लहान भेगा होत्या आणि त्या एकमेकींना जाऊन मिळाल्या. एकेकटी भेग किरकोळ होती, सगळ्या मिळून घातक ठरल्या.

लढाऊ विमानात आणखी एक गोष्ट मोजावी लागते. ते सरळ कमी उडते. झपकन वळते, सूर मारते, वर झेपावते. अशा वळणात पंखांवर विमानाच्या वजनाच्या सहा-सात पट भार येऊ शकतो. ताण दुप्पट झाला, की भेगेच्या वाढीचा वेग दुप्पट होऊन थांबत नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत तो ढोबळमानाने आठपट होतो. म्हणून एकाच दिवशी बांधलेली दोन विमाने सारखी म्हातारी होत नाहीत. रुग्णाच्या छातीला २४ तास यंत्र लावून हृदयाचे ठोके नोंदवतात, तशी विमानातली यंत्रे प्रत्येक उड्डाणातले भार नोंदवतात. आयुष्य वाढवण्याचा हिशेब ताफ्याच्या सरासरीवर नव्हे, त्या त्या विमानाच्या नोंदींवर करावा लागतो.

भेग आहे, असे धरूनच चाला

नवे म्हणजे निर्धोक, हाही भ्रमच. २२ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत एफ-१११ या नव्या लढाऊ विमानाचा पंख जेमतेम शंभर तासांच्या उड्डाणानंतर गळून पडला आणि दोन्ही वैमानिक मरण पावले. पंखाच्या सांध्याच्या पोलादी भागात घडवतानाच दोष राहिला होता. त्यानंतर अमेरिकी हवाई दलाने विचाराची दिशाच बदलली. भेग नाही असे मानायचे नाही. ती आहे असे धरायचे, ती किती वेगाने वाढेल हे काढायचे आणि घातक होण्याआधी तिला गाठायचे.

कर्करोगाची पूर्वतपासणी याच तर्कावर चालते. भेग यंत्राला दिसू लागल्यापासून भाग तुटेपर्यंत समजा हजार तास लागतात, तर तपासणी साधारण दर पाचशे तासांनी ठेवतात. एकदा नजरचूक झाली तरी दुसरी संधी हाताशी राहते.

तपासणीची साधनेही डॉक्टरांच्या ओळखीची आहेत. क्ष-किरण आणि सोनोग्राफीसारख्याच ध्वनिलहरी आहेत. झिरपणारा रंग लावून बारीक तडा उठवून पाहतात. धातूत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण करून तो कुठे अडखळतो, हेही पाहतात. सापडलेला भाग कधी बदलतात, कधी छिद्र किंचित मोठे करून भेग काढून टाकतात, कधी वर जोडपत्रा बसवतात.

मात्र काही गोष्टींना कॅलेंडरच लागू असते. रबरी नळ्या, सील आणि तारांचे वेष्टण विमान न उडताही खराब होते. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनातल्या स्फोटक काडतुसांना तर लशीच्या कुपीसारखी मुदत असते. तिथे ‘अजून बरे दिसते’ हा निकष चालत नाही.

खाली गावे असतात

४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यात एक सुखोई-३० शेतात कोसळले. ते एचएएलकडे मोठ्या तपासणी-दुरुस्तीसाठी होते. दोन्ही वैमानिक वेळीच बाहेर पडले. राजस्थानात हनुमानगडजवळच्या गावाचे नशीब तेवढे चांगले नव्हते. ८ मे २०२३ रोजी तिथे मिग-२१ घरावर पडले आणि तीन स्त्रिया गेल्या. अशा प्रत्येक अपघाताचे खापर विमानाच्या वयावर फोडणे बरोबर नाही; इंजिन, पक्षी, हवामान, मानवी चूक अशी कारणे अनेक असतात. पण आयुष्य वाढवण्याच्या कागदावर सही होते, तेव्हा ती वैमानिकाइतकीच खालच्या अंगणातल्या माणसांच्या वतीनेही झालेली असते.

मिग-२१ हवाई दलात १९६३ मध्ये आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निवृत्त झाले. शेवटची ‘बायसन’ विमाने ही आधीच्या मिग-२१ बिसची सुधारलेली आवृत्ती होती. नवे रडार आणि नवी क्षेपणास्त्रे बसवता येतात. सांगाड्याने सोसलेले भार पुसता येत नाहीत. बदली विमाने उशिरा येतात, तेव्हा जुन्यांची मुदत वाढवण्याचा दबाव वाढतो. नेमक्या त्याच वेळी तपासणाऱ्याला ‘आता पुरे’ म्हणण्याची मोकळीक असावी लागते.

डहाणूच्या किनाऱ्यावर घरात पैशाची कितीही ओढ असली, तरी फळी कुजली आहे असे तांडेलाने सांगितले, की ती होडी पाण्यात लोटत नाहीत. ओझरच्या तपासनिसाच्या शब्दालाही तेवढाच मान मिळायला हवा.