चोराला वेस नाही : सायबर सुरक्षा आणि राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य

चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फोडलेले कुलूप, खणलेली भिंत आणि अंधारात पळणारा माणूस उभा राहतो. चोर कितीही चलाख असला तरी त्याला चोरीच्या जागी स्वतः यावे लागते, या गृहीतावर आपली पोलीस ठाणी, त्यांच्या हद्दी आणि आपले कायदे उभे आहेत. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे गृहीतच ढासळले. आता चोर एका देशात, त्याने वापरलेला संगणक दुसऱ्या देशात, लुटलेली बँक तिसऱ्या देशात आणि पैसा उचलणारा चौथ्या देशात, असे घडू लागले आहे. पोलिसांची हद्द मात्र आहे तिथेच आहे. या विसंगतीतून सायबर सुरक्षेतील आंतरराष्ट्रीय सहकार्याचा प्रश्न उभा राहिला. हा विषय संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा, कला शाखेच्या मंडळींनी त्यात कशाला पडावे, असे कोणी विचारील. परंतु हा प्रश्न यंत्राचा जेवढा आहे त्याहून अधिक कायद्याचा, राज्यशास्त्राचा आणि माणसामाणसांतील विश्वासाचा आहे. तो तसा कसा, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम एक उदाहरण घेऊ.

चार दिवसांची चोरी

४ फेब्रुवारी २०१६ हा गुरुवार होता. बांगलादेश बँक ही त्या देशाची मध्यवर्ती बँक, म्हणजे आपल्याकडील रिझर्व्ह बँकेसारखी. ढाक्यातील तिची कचेरी रात्री बंद झाल्यावर तिच्याच संगणकांवरून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला पैसे पाठविण्याचे ३५ आदेश गेले. ते ‘स्विफ्ट’ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून गेले असल्यामुळे वरवर अगदी रीतसर दिसत होते. एकूण रक्कम होती सुमारे ९५ कोटी डॉलर. यांपैकी तीस आदेश न्यूयॉर्कने रोखले. पाच मात्र पार पडले. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समधील एका बँकेत आणि २ कोटी डॉलर श्रीलंकेकडे रवाना झाले.

चोरांनी संगणकाचा जेवढा अभ्यास केला होता तेवढाच पंचांगाचाही केला होता. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी. ढाक्यातील अधिकाऱ्यांना संशय येऊन त्यांनी न्यूयॉर्कशी संपर्क साधण्याची धडपड केली तेव्हा तिकडे शनिवार-रविवारची सुट्टी. मग मनिलाला थांबवावे, तर सोमवारी तेथे चिनी नववर्षाची सुट्टी. मंगळवारी पैसा खात्यांतून निघून गेला आणि पुढे कॅसिनोंच्या टेबलांवर विरघळला. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर तेवढे वाचले, आणि तेही कसे? आदेशात ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते. मधल्या बँकेला शंका आली आणि तिने विचारणा केली. शुद्धलेखनाची टिंगल करणाऱ्या मित्रांनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी.

या प्रकरणात जागे असलेले लोक होते, संशय आलेले लोक होते. परंतु सुट्टीच्या दिवशी कोणाला हाक मारायची, आणि ती हाक ऐकून ताबडतोब खाते गोठविण्याचा अधिकार कोणाला, हे ठरलेले नव्हते. शिवाय कॅसिनोंना त्या वेळी फिलिपिन्सचा काळ्या पैशाविरुद्धचा कायदा लागू नव्हता. तो लागू करणारी दुरुस्ती त्या देशाने २०१७ मध्ये केली. गेलेल्या रकमेपैकी सुमारे दीड कोटी डॉलर २०१६ अखेर बांगलादेशाला परत मिळाले.

फिलिपिन्सला असा धडा पूर्वीही मिळाला होता. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ असे शीर्षक धारण केलेले एक पत्र जगभरच्या संगणकांत शिरले आणि त्याने अतोनात नासधूस केली. त्याचा माग मनिलातील एका तरुणापर्यंत पोहोचला. पण असे कृत्य गुन्हा ठरविणारा कायदाच तेव्हा त्या देशात नव्हता! तो पुढच्याच महिन्यात झाला. पण आधी केलेल्या कृत्याला नंतरचा कायदा लावता येत नाही, आणि खटला सोडून द्यावा लागला. एका देशाच्या कायद्यातील भगदाड साऱ्या जगाला कसे महाग पडते, ते यावरून दिसते. फिलिपिन्सने पुढे २०१२ मध्ये सायबर गुन्ह्यांचा स्वतंत्र कायदा केला आणि २०१८ मध्ये तो देश आंतरराष्ट्रीय करारातही सामील झाला.

सहकार्याचे तीन थर

‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ हा शब्द भाषणात गुळगुळीत झालेला आहे. प्रत्यक्षात त्याचे तीन थर आहेत, आणि प्रत्येक थरातील माणसे वेगळी आहेत.

पहिला थर तंत्रज्ञांचा. नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या एका प्रोग्रॅमने तेव्हाच्या लहानशा इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. त्यानंतर त्याच महिन्यात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरील आपत्तीला धावून जाणारे पहिले पथक स्थापन झाले. आग लागली की अग्निशामक दल, तसे हे पथक. १९९० मध्ये अशा पथकांनी ‘फर्स्ट’ नावाची आपली जागतिक संघटना उभारली. आज शंभराहून अधिक देशांतील पथके तिची सभासद आहेत. आपले राष्ट्रीय पथक ‘सर्ट-इन’ जानेवारी २००४ पासून काम करते आणि तेही या संघटनेत आहे.

ही पथके एकमेकांना नवीन हल्ल्यांची माहिती देतात. पण आपल्या घरात चोरी झाली हे चारचौघांत सांगायला कोणाला आवडते? त्यासाठी त्यांनी रस्त्यावरच्या सिग्नलसारखी एक साधी पद्धत ठेवली आहे. माहितीवर लाल खूण असेल तर ती ऐकणाऱ्यापाशीच राहावी. पिवळसर असेल तर ज्यांना गरज आहे अशा आपल्या संस्थेतील लोकांपर्यंत जावी. हिरवी असेल तर या क्षेत्रातील सर्वांना कळावी. आणि खूण ‘मोकळी’ असेल तर जगजाहीर करावी. यामागे कायद्याची सक्ती नाही, केवळ शब्दाची पत आहे. परंतु ज्याने एकदा विश्वास मोडला त्याला पुढची माहिती मिळत नाही, आणि म्हणून ही पद्धत चालते.

दुसरा थर पोलिसांचा आणि न्यायालयांचा. परदेशातील संगणकावरचा पुरावा मागायचा तर एका देशाच्या मंत्रालयातून दुसऱ्या देशाच्या मंत्रालयात, तेथून न्यायालयात, असा कागद फिरतो. त्याला महिने लागतात, आणि संगणकावरील नोंद तर काही दिवसांत पुसली जाऊ शकते. ही अडचण ओळखून २००१ मध्ये बुडापेस्ट येथे सायबर गुन्ह्यांविषयीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार सह्यांसाठी खुला झाला. प्रत्येक सदस्य देशाने चोवीस तास, सातही दिवस उघडे असणारे एक संपर्ककेंद्र ठेवावे, असे त्यात कलमच आहे. सत्तरहून अधिक देश आज या कराराचे सदस्य आहेत. भारत त्यात नाही. ज्या कराराचा मसुदा ठरविताना आम्हाला विचारले नाही, तो आम्ही आयता का स्वीकारावा, असा आपला आक्षेप राहिला आहे. पुढे २४ डिसेंबर २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने या विषयावर नवा करार संमत केला आणि २५ ऑक्टोबर २०२५ रोजी तो हानोई येथे सह्यांसाठी खुला झाला. ४० राष्ट्रांनी त्याला विधिवत मान्यता दिल्यानंतर तो अमलात यावयाचा आहे. गुन्हेगार पकडण्याच्या निमित्ताने सरकारे आपल्याच टीकाकारांवर नजर ठेवतील, अशी भीती मानवी हक्कांचे कार्यकर्ते व्यक्त करतात. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

तिसरा थर खुद्द राष्ट्रांचा. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञगटाने राष्ट्रांच्या वर्तनाचे ११ नियम सुचविले. शांततेच्या काळात दुसऱ्याची वीज, पाणी, रुग्णालये चालविणाऱ्या यंत्रणांवर हल्ला करू नये, आणि आपत्तीला धावून जाणाऱ्या पथकांना लक्ष्य करू नये, ही त्यांतील काही. परंतु हे नियम ऐच्छिक आहेत. मोडणाऱ्याला दंड नाही.

क्षमताबांधणी म्हणजे काय?

समजा, करार झाला. संपर्ककेंद्राचा फोन ठरला. आता फोन वाजला, पण उचलणाऱ्याला समोरचा काय सांगतो हेच कळत नसेल तर? हाक मारता येणे हे सहकार्य; हाकेला ओ देता येणे ही क्षमता. पहिले दुसऱ्यावाचून पांगळे आहे.

क्षमताबांधणी म्हणजे केवळ संगणक भेट देणे नव्हे. तीत कायदे करण्यास मदत करणे, पथक उभारणे, पोलिसांना पुरावा जपण्याचे आणि न्यायाधीशांना तो तपासण्याचे शिक्षण देणे, खोटा हल्ला रचून सराव घेणे, या साऱ्या गोष्टी येतात. आशिया-प्रशांत विभागातील पथके दरवर्षी असा सराव एकत्र करतात. २०१५ मध्ये हेग येथे याच कामासाठी एक जागतिक मंच सुरू झाला. आपला देशही यात केवळ घेणारा नाही. १९६४ पासून चालत आलेल्या ‘आयटेक’ योजनेखाली भारत विकसनशील देशांच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देतो, आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’सारख्या संस्थांमार्फत सायबर सुरक्षेचे वर्गही त्यात होतात. एस्टोनिया या चिमुकल्या देशावर २००७ मध्ये मोठा सायबर हल्ला झाला, तेव्हा इतरांनी त्याला हात दिला. आज तोच देश इतरांना हे शास्त्र शिकवितो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही आपली म्हण. येथे ठेच लागलेलाच मागच्यांचा गुरू झाला.

अर्थात या कामातही उणिवा आहेत. मदत पुष्कळदा मुदतबंद योजनेतून येते. योजना संपली की मिळालेली यंत्रे धूळ खातात. शिकून तयार झालेला अधिकारी दुप्पट पगारावर खासगी कंपनीत जातो. आणि देणाऱ्याचा हेतू नेहमीच निर्मळ असतो असे नाही. मदतीबरोबर आपली यंत्रसामग्री आणि आपले राजकारणही तो पाठवितो.

आपला संबंध काय?

ढाका, मनिला दूर वाटत असतील तर पुण्याचे उदाहरण घ्यावे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून काही तासांत रोकड काढली गेली, आणि दोन दिवसांनी ‘स्विफ्ट’मार्गे जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगला पाठविले गेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. परंतु ही मंडळी म्हणजे पैसे काढणारे हात; हुकूम देणारे डोके देशाबाहेर राहिले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला आहे. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला सहकार्याची गरज याहून स्पष्ट कोण सांगणार?

आणि हे संकट केवळ बँकांवर नाही. म्यानमार, कंबोडिया, लाओस या देशांत फसवणुकीचे कारखाने चालतात. चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून नेलेल्या तरुणांना तेथे डांबून, धमकावून, दूरच्या लोकांना फसविण्याच्या कामाला जुंपले जाते. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडमार्गे विमानाने परत आणण्यात आले. म्हणजे फोनवर आपल्याला लुटणारा कदाचित आपल्याच वयाचा, पदवी घेऊन नोकरी शोधत गेलेला मुलगा असतो. पदवीनंतर आपणही नोकरीच्या जाहिराती वाचणार आहोत. त्या वाचताना हे आठवावे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे बँकेचा संदेश आला की घरचे आणि शेजारचेही फोन घेऊन माझ्याकडे येतात, कारण संदेश इंग्रजीत असतो. आमच्या गल्लीतील एका काकांचे सोयाबीनचे पैसे ‘केवायसी’च्या नावाखाली आलेल्या एका फोनवर गेले. १९३० या क्रमांकावर तातडीने कळविले असते तर पैसा वाटेतच गोठविता आला असता. पण असा क्रमांक आहे हे कळेपर्यंत दोन दिवस उलटले होते. ढाक्याच्या बँकेजवळ सारे काही होते, तरी तिचे चार दिवस गेले. काकांजवळ तर साधी माहितीही नव्हती. रकमेत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण दुखणे एकच आहे. वेळेवर कोणाला हाक मारायची, हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

म्हणून मला वाटते की क्षमताबांधणी हेग आणि हानोई येथे सुरू झाली तरी ती गावच्या चावडीपर्यंत पोहोचल्यावाचून पुरी होत नाही. भाषांतर करणे, सोप्या मराठीत समजावून सांगणे, लोकांची लाज आणि भीती घालवून त्यांना तक्रार करावयास लावणे, ही कामे संगणक-अभियंत्यांची नव्हेत. भाषा, समाजशास्त्र, मानसशास्त्र शिकणाऱ्यांची आहेत. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात श्रमदानाबरोबर एक संध्याकाळ या विषयाला द्यावी, अशी सूचना मी येथे गुरुजनांपुढे नम्रपणे ठेवते. गावातील प्रत्येक घराच्या भिंतीवर १९३० हा आकडा खडूने लिहून आलो, तरी त्या शिबिराचे सार्थक होईल.