पान, कान, तान

भरतकामाची गोल रिंग असते ना, तशीच रिंग ऑडिओलॉजिस्टच्या हातात होती. तिच्यावर काळं पातळ कापड ताणून बसवलेलं. रिंग तोंडासमोर धरून ती म्हणाली, ‘आ’. आत्यानं लगेच ‘आ’ म्हटलं. मग ई, ऊ, म, श, स. हातानं तोंड झाकलं तर आवाज दबतो. कापडातून तो नीट येतो, फक्त ओठ दिसत नाहीत. आत्या कितीतरी वर्षं लोकांच्या ओठांवर नजर ठेवून जगली होती. म्हणून ही रिंग.

‘स’ला ती थबकली. मग हळूच म्हणाली, ‘स.’ आणि माझ्याकडे वळली. ‘अरे, हा आवाज मी विसरलेच होते.’

विसरणारच. कानाची नस बरी असली तरी आवाज पकडणाऱ्या बारीक केसपेशी मेल्या की कानाच्या मशीनचा आवाज कितीही मोठा करा, ‘स’, ‘श’सारखे उंच पट्टीचे आवाज पोचतच नाहीत. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची कॉक्लिया असते. तिच्या तोंडाशी उंच आवाज, आत टोकाकडे खर्जातले. कॉक्लियर इम्प्लांटच्या ऑपरेशनमध्ये या शंखात इलेक्ट्रोडची तार सरकवतात. प्रोसेसर आवाजाचे पट्टे पाडतो, कॉइल ते कातडीपलीकडच्या रिसीव्हरला पाठवते आणि प्रत्येक इलेक्ट्रोड आपापल्या जागी नसेला विजेचा टोला देतो. मेलबर्नचे ग्रॅम क्लार्क अशी तार वळणांतून कशी जाईल या विवंचनेत होते. १९७७ साली समुद्रकिनारी एका शंखात गवताची पात घालताना त्यांना उमगलं की टोकाला लवचीक आणि मागे ताठ असलेली गोष्टच आत जाते. पुढच्याच वर्षी त्यांनी रॉड सॉन्डर्स यांच्यावर ऑपरेशन केलं.

आत्याच्या कानात २२ इलेक्ट्रोड आहेत. निसर्गानं त्याच जागी साधारण साडेतीन हजार आतल्या केसपेशी दिल्या होत्या. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुढचं सगळं समजतं.

टाके सुकल्यावर, महिन्याभरानं, स्विच ऑन झालं. ऑपरेशनमध्ये उरलंसुरलं ऐकणंही जाऊ शकतं हे माहीत असूनही तिनं हो म्हटलं होतं, त्यामुळे आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो. आधी एकेका इलेक्ट्रोडवर बीप. आत्या समोरच्या तक्त्यावर बोट ठेवी: काहीच नाही, बारीक, बरा, मोठा, नकोसा. अगदी अस्पष्ट ऐकू येतं ती खालची हद्द आणि सहज सोसवतं ती वरची. प्रत्येक इलेक्ट्रोडच्या अशा दोन हद्दी बांधायच्या. यालाच मॅपिंग म्हणतात. या कामाला तास-दीड तास लागला आणि त्यात घाई नव्हती. हद्द थोडी जास्त झाली तर भांड्याचा आवाजही टोचतो, कमी झाली तर बोलणं विझून जातं. मला ते तंबोरा लावण्यासारखं वाटलं, फक्त इथे लावणाऱ्याला आवाज ऐकू येत नाही, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून तार ओळखायची.

मग सगळे इलेक्ट्रोड एकदम सुरू झाले. ‘काकू, ऐकू येतंय?’

आत्यानं डोळे मिटले. ‘सगळ्या शिट्ट्या वाजतायत. तू बोलतेयस का घंटी?’

माझा चेहरा पडला असावा. ऑडिओलॉजिस्टनं मात्र मान डोलावली. ‘आज असंच. मेंदूला अजून कळलेलं नाही की हा आवाज कुणाचा आहे.’

कळायला महिने लागले. रोज अर्धा तास मी पाठीमागे बसून वर्तमानपत्र वाचायचो, ती त्याच मजकुरावर बोट फिरवत ऐकायची. आधी स्वर ओळखू आले, मग ‘मान’ वेगळं पडलं. ‘पान, कान, तान’ यांचा गोंधळ सर्वांत शेवटपर्यंत राहिला, कारण प, क, त यांचा फरक क्षणभराचा आणि तोंडातल्या जागेचा. तिचं बहिरेपण बोलायला शिकून झाल्यावर, उतारवयात आलेलं. मेंदूत जुने आवाज जपलेले होते, हे तिचं मोठं भांडवल. तरी लग्नाच्या मांडवात, ताशाच्या कल्लोळात, आजही ती माझा हात धरून ओठ पाहते.

अभंगाचं दुःख वेगळं आहे. टाळ आणि पखवाज तिला स्पष्ट ऐकू येतात. ठेका इतका पक्का की मांडीवर बोटं चालतात. सूर मात्र एकमेकांत मिसळून जातात, कारण २२ टोल्यांतून स्वरांमधलं बारीक अंतर उलगडत नाही. पहिल्यांदा तिनं रेडिओ बंद केला. नंतर पाठ असलेले अभंगच लावायला लागली. शब्द आधी माहीत असले की चाल आपोआप आठवते, असं ती म्हणते.

परवा तिनं मला समोर बसवलं. रिंग नव्हती, म्हणून तोंडासमोर साडीचा पदर धरला आणि म्हणाली, ‘आता मी म्हणते, तू ओळख. तान.’

‘पान,’ मी म्हणालो.

‘परत ऐक,’ आत्या म्हणाली.