अंधारातला अर्धा तास

कोल्हापुरातली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, भर दुपार. मॅग्नेटिक स्टररवरच्या बीकरमध्ये पाणी फिरतंय. लिटरला 10 मिलिग्रॅम मिथिलीन ब्ल्यू एवढंच, तरी पाणी गर्द निळं. त्यात फिकट पिवळी पूड पडते: टायटॅनियम डायऑक्साइड आणि ग्राफिटिक कार्बन नायट्राइड यांचं संमिश्र. नायट्राइड इथलंच. झाकणाच्या क्रुसिबलमध्ये युरिया घालून 550 अंशांवर भाजलेलं. भट्टीपाशी अमोनिया अजून नाकाला झोंबतोय.

दिवा मात्र बंद, बीकरला फॉइल गुंडाळलेली.

"अर्धा तास अंधारातच, सर," संशोधक मुलगी मला सांगते. रंग पुडीला नुसता चिकटला तरी पाणी फिकं पडतं. ते चिकटणं आधी उरकलं नाही, तर फुकटचं श्रेय उजेडाला जातं.

फॉइल निघते, झेनॉन दिवा लागतो. पुढे 420 नॅनोमीटरच्या खालचं सगळं अडवणारी काच. एकटं टायटॅनियम डायऑक्साइड या उजेडात ढिम्म हलत नाही. त्याला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते जेमतेम चार-पाच टक्के. नायट्राइडचं निळ्या प्रकाशावर भागतं. त्यातले इलेक्ट्रॉन सुटून शेजारच्या टायटॅनियम डायऑक्साइडवर उतरतात, मागच्या धन पोकळीत लगेच परत पडत नाहीत. दोन पदार्थांची मोट बांधायची ती एवढ्यासाठी. मग ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळून सुपरऑक्साइड तयार होतं आणि रंगाच्या रेणूवर तुटून पडतं.

दर पंधरा मिनिटांनी ती सिरिंजने नमुना काढते, सेंट्रिफ्यूजमध्ये पूड खाली बसवते, वरचं पाणी क्युव्हेटमध्ये ओतते. स्क्रीनवरचं रंगाच्या शोषणाचं 664 नॅनोमीटरचं शिखर दर खेपेला बुटकं होतंय. तिचा चेहरा खुलतो.

"बिनपुडीच्या बीकरचं काय झालं?" तिच्या मार्गदर्शक मॅडम मागून विचारतात.

तोही किंचित फिकटलाय. मिथिलीन ब्ल्यू स्वतःच उजेड शोषतो आणि आपसूक विटतो. शिवाय रंग उडाला तरी रेणूचे तुकडे पाण्यात उरतातच. या विषयातल्या कित्येक झोकदार आलेखांबद्दल मला शंका येते ती इथेच.

खिडकीत इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमधून आणलेला कॅन आहे. पाणी काळपट मरून, आत बोटभरही दिसत नाही. वर रंगाईचं मीठ, ज्यातलं क्लोराइड रंग तोडणाऱ्या रॅडिकल्सनाच गिळतं.

"हे घेऊ का आता?" मुलगी विचारते.

"आधी फिनॉल घे. त्याला रंगच नाही, म्हणजे उजेड शोषल्याची सबबही नाही. आणि टीओसीला, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन मोजायला, नमुने पाठव, किती उरला ते कळू दे."

ती आलेखाची फाइल सेव्ह करते आणि फिनॉलची बाटली काढायला हातमोजे बदलते.