मधलं रूप: खांदा, कंबर आणि भुवया

सावली-बडोद्याकडच्या मंडळींनो, अँड्रॉजिनस म्हणजे पुरुषी आणि बायकी यांच्या मधलं दिसणं हे काही परदेशातून आलेलं फॅड नाही. ‘एकच प्याला’ नाटकाचा पहिला प्रयोग 1919 साली बडोद्यातच झाला आणि त्यातली नायिका सिंधू साकारली होती बालगंधर्व या पुरुष नटाने! त्यांच्या साड्यांची, केशरचनेची नक्कल घरंदाज बायका करत. गुजराती रंगभूमीवर जयशंकर ‘सुंदरी’ तसेच स्त्री-भूमिकांत गाजले. ते भूमिकेपुरतं होतं, आपल्याला रोज वावरायचंय.

सगळी किमया शिलाईत आहे. शिंप्याला सांगा, कंबरेला टक्स नकोत, कुडता सरळ कापा. खांदे रुंद असतील तर शिलाई अर्धा इंच खाली उतरवा आणि सुळसुळीत, अंगावरून पडणारं कापड घ्या. अरुंद असतील तर कडक सुती कापड आणि स्टँड कॉलर. बडोद्यातल्या मंगळ बाजारात दोन्ही मिळतं. केस जबड्यापर्यंत ठेवले की चेहरा कुठल्याच बाजूला झुकत नाही. भुवया कोरू नका, नुसत्या वर विंचरा.

छाती सपाट दिसावी म्हणून क्रेप बँडेज मात्र कधीच गुंडाळू नका, त्याने श्वास कोंडतो आणि बरगड्यांना इजा होते. त्यासाठीच शिवलेलं अंतर्वस्त्र, म्हणजे बाइंडर, आपल्या मापाचं घ्या, आठ तासांच्या आत काढा, झोपताना तर नकोच.

कुणी हटकलंच तर लक्षात असू द्या: सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात पेहरावातून आपली लिंगओळख व्यक्त करणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला आहे. कापडाबद्दल काही अडलं तर खाली विचारा, फोटोसकट सांगते.